स्वतःचं घर बांधताय? करसवलत हातची जाऊ नये म्हणून कोणत्या क्रमाने काय करायचं

घर बांधायला काढलेल्या माणसाला करसवलतीची आठवण साधारण दोनदा होते. एकदा कर्ज देताना बँकेतला माणूस ‘टॅक्समध्येही फायदा आहे’ म्हणतो तेव्हा, आणि नंतर थेट जुलैत रिटर्न भरताना. मधल्या दीड-दोन वर्षांत सगळं लक्ष वाळू, सळई आणि मिस्त्रीकडे असतं. खरं तर सवलत मिळणार की जाणार, हे त्याच काळात ठरत असतं. मग हप्ते भरणारा एक आणि जागेचा मालक दुसराच, राहायला जाऊन वर्ष झालं तरी पूर्णत्वाचा दाखला नाही, निम्मा खर्च रोखीत झालेला, अशी फाइल समोर येते. तेव्हा काही करता येत नाही.

हा लेख स्वतःच्या प्लॉटवर किंवा गावच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांना यातलं काही लागू पडेल, काही नाही. दर आणि आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले दिले आहेत, कारण या वर्षाचं रिटर्न त्याच कायद्याखाली भरायचं आहे आणि लोकांच्या तोंडीही तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि त्यात क्रमांक बदलले. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर ‘८० सी’ दिसलं नाही तर गोंधळू नका.

## टप्पा १: आधी गणित करा, सवलत तुमच्या कामाची आहे का?

पहिली चूक इथेच होते. ‘कर्ज काढलं की टॅक्स वाचतो’ हे गृहीत धरून लोक हातात पैसे असतानाही मोठं कर्ज काढतात.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तुम्ही मुद्दाम जुनी निवडली नाही तर तुम्ही नव्या प्रणालीत असता. आणि नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही, मुद्दलाची ८० सी खालची वजावटही मिळत नाही. दोन्ही सवलती जुन्या प्रणालीतच आहेत: व्याजाला वर्षाला जास्तीत जास्त २ लाख (कलम २४ बी) आणि मुद्दलाला, पीएफ-विमा वगैरे सगळं धरून, दीड लाख.

आता आकडे मांडू. पगार वर्षाला १५ लाख.

नवी प्रणाली: ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १४.२५ लाख उरले. कर ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ९७,५००.

जुनी प्रणाली: ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्याजाचे पूर्ण २ लाख, ८० सी चे पूर्ण दीड लाख जाऊन ११ लाख उरले. कर १,४२,५००, उपकर धरून १,४८,२००.

म्हणजे गृहकर्जाच्या दोन्ही सवलती काठोकाठ वापरूनही जुनी प्रणाली सुमारे ५१ हजारांनी महाग पडली. पगारदाराचं उत्पन्न १२.७५ लाखांपर्यंत असेल तर प्रश्नच नाही, नव्या प्रणालीत त्याला करच लागत नाही.

मग जुनी प्रणाली कोणाला परवडते? गावी घर बांधणारा आणि नोकरीच्या शहरात भाड्याने राहणारा माणूस, हे एक नेहमीचं उदाहरण. वरचाच पगार घ्या. मूळ पगार ६ लाख, पुण्यात महिना २५ हजार भाडं, आणि पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) किमान २.४० लाख आहे असं धरा. ही २.४० लाखांची एचआरए सूट धरली की करपात्र रक्कम ८.६० लाखांवर येते आणि उपकरासह कर होतो ८७,८८०. आता जुनी प्रणाली ९,६२० रुपयांनी स्वस्त झाली. आरोग्य विम्याचा हप्ता असेल तर फरक आणखी वाढतो. एचआरए आणि गृहकर्ज दोन्ही घेता येत नाही हा समज चुकीचा आहे. घर एका गावात आणि भाड्याने राहणं दुसऱ्या गावात असेल, तर दोन्ही रीतसर मिळतं. भाडं मात्र खरोखर दिलेलं हवं, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही हवा.

घर भाड्याने देणार असाल तर हिशेब वेगळा. भाड्यातून घरपट्टी आणि ३० टक्के वजा होतात, मग व्याज वजा होतं, आणि तिथे दोन लाखांची मर्यादा नाही. हे नव्या प्रणालीतही चालतं. फक्त व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा नव्या प्रणालीत पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो.

तपासा: आयकर विभागाच्या पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही प्रणालींचे आकडे टाकून पाहा. नवीच परवडत असेल तर टप्पा ४ आणि ७ मधला व्याजाचा भाग तुम्हाला फारसा लागणार नाही. मालमत्ता विक्रीवरची सूट आणि जीएसटीची बचत (टप्पा ३ आणि ५) मात्र दोन्ही प्रणालींत तितकीच मिळते, आणि बहुतेक वेळा मोठी रक्कम तिथेच असते.

## टप्पा २: नावं जुळवा

घर कोणाच्या मालकीचं, कर्ज कोणाच्या नावावर आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, या तीन प्रश्नांना एकच उत्तर हवं. यातलं एक जरी वेगळं निघालं तरी सवलत अडते.

नेहमी दिसणारं चित्र असं. जागा वडिलांच्या नावावर. मुलाची नोकरी चांगली म्हणून कर्ज मुलाच्या पगारावर. बँकेने जागा गहाण हवी म्हणून वडिलांना सहकर्जदार करून घेतलं. बांधकाम परवानगी वडिलांच्या नावाने, घरपट्टीही त्यांच्याच नावाने. हप्ते सगळे मुलाच्या पगारातून. कागदोपत्री मुलगा इथे नुसता कर्जदार आहे, मालक नाही. त्याला व्याजाची वजावट मागता येत नाही. वडील मालक आहेत, पण व्याज त्यांनी भरलेलं नाही, म्हणून तेही मागू शकत नाहीत. दोघांच्याही हाती काही लागत नाही.

हे बांधकामाच्या आधी सोडवायचं असतं. सरळ मार्ग म्हणजे जागेत मुलाचा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने आणणं. महाराष्ट्रात आई-वडिलांनी मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा पती-पत्नीने एकमेकांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. काही ठिकाणी त्यावर स्थानिक अधिभार लागतो. मोकळा बिनशेती प्लॉट या सवलतीत कसा धरला जाईल, ते दस्त करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. दस्त झाला की तलाठ्याकडे फेरफार लावून सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढल्याचं डोळ्यांनी पाहा. दस्त करून फेरफार विसरणारे खूप आहेत.

भाऊबहीण असलेल्या घरात हे करताना सगळ्यांना समोर बसवून करा. करात वर्षाला पंधरा-वीस हजार वाचवण्यासाठी केलेल्या बक्षीसपत्रावरून पुढे दिवाणी दावे उभे राहिलेले आहेत. सगळ्यांचं मनापासून एकमत नसेल तर ही सवलत सोडून दिलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पती-पत्नी दोघेही कमावते असतील तर दोघांनीही मालक आणि सहकर्जदार व्हावं. दोन लाखांची व्याजमर्यादा आणि दीड लाखाची मुद्दलमर्यादा माणशी आहे, घराला एक नाही. दोघांनी आपापल्या हिश्श्याचा हप्ता भरला तर व्याजाची वजावट चार लाखांपर्यंत जाते. दस्तात हिस्सा किती ते टक्क्यांत लिहून घ्या.

सावध: पत्नी सहकर्जदार आहे पण उताऱ्यावर नाव नाही, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. बँक कर्ज देते, हप्ते जातात, कोणी काही विचारत नाही. विचारणा नोटीस आल्यावरच होते.

## टप्पा ३: जुनं काही विकून बांधत असाल तर

या टप्प्यावर लाखांचा प्रश्न असतो, म्हणून इथे घाई करू नका.

राहतं घर विकून नवं बांधत असाल तर कलम ५४. प्लॉट, सोनं, शेअर असं काही विकून बांधत असाल तर कलम ५४ एफ. मालमत्ता दीर्घकालीन हवी. घर-जमिनीसाठी याचा अर्थ २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असलेली. विक्रीच्या तारखेपासून तीन वर्षांत नवं घर बांधून पूर्ण झालं पाहिजे.

दोन्हींतला मुख्य फरक लक्षात ठेवा. ५४ मध्ये फक्त नफ्याइतकी रक्कम घरात घालावी लागते. ५४ एफ मध्ये विक्रीचे सगळे पैसे, दलाली वगैरे खर्च वजा जाता, घालावे लागतात. कमी घातले तर सूट त्या प्रमाणात कमी होते. समजा प्लॉट ४० लाखांना विकला, नफा ३० लाख. घरात ३२ लाख घातले. सूट ३० गुणिले ३२ भागिले ४०, म्हणजे २४ लाख. उरलेल्या ६ लाखांवर १२.५ टक्क्यांनी ७५ हजार आणि उपकर, एकूण ७८ हजार. काहीच केलं नसतं तर हाच कर ३ लाख ९० हजार झाला असता. जमीन २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल तर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी किती येतो तेही पाहा. करासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दोन्हींपैकी कमी कर भरता येतो.

आता क्रम.

१. विकलेली शेतजमीन मुळात करपात्र आहे का ते बघा. नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेरची ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. हे अंतर शहराच्या लोकसंख्येवर आहे: दहा हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंत २ किलोमीटर, एक ते दहा लाख ६ किलोमीटर, त्यापुढे ८ किलोमीटर. तुमची जमीन याच्या बाहेर असेल तर कर नाही, म्हणून सूट मिळवण्याची धडपडही नको.

२. ५४ एफ घ्यायचं असेल तर विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त राहती घरं आहेत का ते मोजा. असतील तर ही सूट नाही. गावच्या वडिलोपार्जित घरातला हिस्सा विसरू नका.

३. बांधकाम विक्रीनंतर सुरू करा. विक्रीच्या आधी केलेल्या खर्चाला सूट द्यायची की नाही यावर वाद होतात, आणि तुम्हाला त्यात पडायचं नाही.

४. रिटर्नच्या मुदतीपर्यंत (पगारदारांसाठी साधारण ३१ जुलै) जेवढे पैसे घरात घालून झाले नाहीत, तेवढे ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’ या खास खात्यात त्या मुदतीच्या आत भरा. हे खातं बँकांच्या ग्रामीण शाखेत उघडत नाही, मोठ्या गावची शाखा गाठावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवलेले पैसे यात मोजले जात नाहीत.

५. या खात्यातून काढलेली रक्कम ६० दिवसांत बांधकामावर खर्च करा. म्हणून स्लॅबचा खर्च समोर आला की तेवढेच काढा, वर्षाचे एकदम काढून ठेवू नका.

६. नवं घर स्वतःच्या नावावरच बांधा. मुलाच्या नावे बांधून सूट मागितली की वाद ठरलेला.

नव्या घरासाठी प्लॉटही घेतला असेल तर त्याची किंमत घराच्या खर्चात धरता येते, पण घर मुदतीत पूर्ण झालं तरच. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर काही नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९३ च्या परिपत्रक ६६७ मध्ये हे स्पष्ट आहे.

तपासा: विक्रीच्या दस्ताची तारीख, त्यापासून तीन वर्षांची तारीख आणि रिटर्नची मुदत, या तीन तारखा फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. प्लॉट नोव्हेंबर २०२५ मध्ये विकला असेल तर घर नोव्हेंबर २०२८ मध्ये, त्याच तारखेच्या आत पूर्ण हवं. पाऊस, मजुरांची सुटी, परवानगीला लागलेला वेळ यांपैकी कशानेही ही मुदत वाढत नाही.

## टप्पा ४: कर्ज कोणतं घ्यायचं

गृहकर्ज म्हणून मंजूर झालेलं, बँक किंवा गृहवित्त कंपनीचं, बांधकामासाठीचं कर्ज सर्वांत सोपं. प्लॉट आणि बांधकाम मिळून एकत्र कर्ज असेल तर मंजुरीपत्रात ‘बांधकामासह’ हे लिहिलेलं पाहा. फक्त प्लॉटच्या कर्जावर, त्या जागेवर घर उभं राहीपर्यंत, काहीही मिळत नाही.

पतसंस्थेचं, सोनं तारण ठेवून घेतलेलं किंवा सासऱ्यांकडून घेतलेलं कर्ज असेल तरी व्याजाची वजावट मिळू शकते. कायदा व्याजासाठी कर्ज देणारा कोण ते पाहत नाही, पैसा घरातच गेला का ते पाहतो. तेव्हा ते पैसे खात्यात येऊन थेट सिमेंटवाल्याला, काँट्रॅक्टरला गेलेले दिसले पाहिजेत, आणि व्याजाचा दाखला हवा. मुद्दलाचं तसं नाही. ८० सी मध्ये कर्ज देणाऱ्यांची यादीच आहे; नातेवाईक त्यात नाहीत आणि साधी पतसंस्थाही त्यात बसेलच असं नाही. नातेवाइकांकडून २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेऊ नका, दंड रकमेइतका होऊ शकतो.

८० ईईए खालची जादा दीड लाखाची वजावट अजूनही काही जण सांगतात. ती ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जाला ती नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल, पक्कं घर कोणाच्याच नावावर नसेल आणि घर शहरी हद्दीत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान बघा. ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच हप्त्यांत मिळतं. ही करसवलत नाही, पण कर न भरणाऱ्या कुटुंबाला उपयोग याचाच आहे. अर्ज कर्जासोबतच करा.

## टप्पा ५: काँट्रॅक्टरशी करार, मजुरीवर की मटेरियलसकट?

आयकराच्या नादात या सवलतीकडे फार जणांचं लक्ष जात नाही. एका कुटुंबासाठी एकच स्वतंत्र घर नव्याने बांधताना काँट्रॅक्टरला फक्त मजुरीचं काम दिलं, साहित्य तुम्ही आणलं, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. मटेरियलसकट काम दिलं तर नोंदणीकृत काँट्रॅक्टर पूर्ण रकमेवर १८ टक्के लावतो.

मजुरी १० लाख असेल तर सरळ १ लाख ८० हजारांचा फरक. साहित्यावरचा जीएसटी दोन्हीकडे द्यावाच लागतो, त्यामुळे तो या तुलनेत धरू नका. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पोत्याची मूळ किंमत ३०० धरली तर पोत्यामागे ३० रुपये वाचायला हवेत, म्हणून बिलावर मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून घ्या.

मजुरीवर काम देणं सगळ्यांना झेपत नाही हेही खरं. साहित्य वेळेवर आणणं, मोजणं, सांभाळणं तुमच्यावर येतं. रोज साइटवर कोणी घरचं माणूस थांबणार नसेल तर वाचलेला कर नासाडीत जाईल. रोज जाणारे वडील किंवा भाऊ असतील तर मात्र हाच मार्ग घ्या.

करार असा लिहा:

१. ‘फक्त मजुरी’ हे शब्द आणि ‘सर्व साहित्य मालक पुरवील’ हे वाक्य स्पष्ट असू द्या.

२. एका कुटुंबासाठी एकच घर असल्याचं नमूद करा. खाली दुकान, वर तीन भाडेकरूंच्या खोल्या असा नकाशा असेल तर ही माफी लागू पडणार नाही.

३. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे, आणि बँकेतून. एकाच कामापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला कायद्याने दंड आहे, हे काँट्रॅक्टरला आधीच सांगा.

सावध: आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या फीला ही माफी नाही. दुरुस्तीच्या आणि डागडुजीच्या कामालाही नाही.

एका काँट्रॅक्टरला वर्षात एकूण ५० लाखांपेक्षा जास्त देणार असाल तर त्यातून २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरणं तुमची जबाबदारी आहे, घर स्वतःसाठी असलं तरी. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅनवर भरता येतो. तसाच ५० लाख किंवा जास्त किमतीचा प्लॉट विकत घेताना १ टक्का.

## टप्पा ६: बांधकाम चालू असताना फाइल

रविवारी अर्धा तास द्या, एवढंच. बिलं महिन्याप्रमाणे लावा आणि प्रत्येक बिलावर पेन्सिलने चेकचा किंवा यूपीआयचा क्रमांक लिहा. सिमेंट-सळईच्या दुकानात बिल तुमच्या नावाने घ्या. काँट्रॅक्टरच्या नावाने निघालेलं बिल तुमच्या घराच्या खर्चाचा पुरावा ठरत नाही. थर्मल कागदावरची बिलं सहा महिन्यांत पांढरी पडतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. वाळू आणि विटांचं पक्कं बिल अनेकदा मिळतच नाही. तिथे निदान पैसे खात्यातून द्या आणि गाडीची पावती जपा. जोते आणि स्लॅब झाल्यावर तारखेसह फोटो काढा. शेवटी इंजिनिअरकडून एकूण खर्चाचा दाखला घ्या, पण तो बिलांना जोड म्हणून असतो, बिलांच्या ऐवजी चालत नाही.

## टप्पा ७: घर ‘पूर्ण’ कधी झालं?

व्याजाची सवलत घर पूर्ण झाल्याच्या आर्थिक वर्षापासून सुरू होते. गृहप्रवेशाच्या फोटोवरून ते ठरत नाही, कागदावरून ठरतं. महापालिका, नगरपालिका हद्दीत भोगवटा प्रमाणपत्र. ग्रामपंचायत हद्दीत पूर्णत्वाचा दाखला, नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पहिली पावती, वीजजोडणी. गावाकडे हे शेवटचे कागद काढायचा कंटाळा केला जातो, कारण राहायला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

बांधकाम चालू असताना भरलेलं व्याज बुडत नाही. घर पूर्ण झालं त्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करून पाच समान भागांत, पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच वर्षं मिळतं. स्वतः राहत असाल तर चालू व्याज आणि हा पाचवा भाग मिळून मर्यादा तीच, २ लाख.

उदाहरण घ्या. कर्ज ऑगस्ट २०२३ मध्ये घेतलं. ३१ मार्च २०२५ पर्यंतचं व्याज अडीच लाख. घर फेब्रुवारी २०२६ मध्ये पूर्ण. २०२५-२६ चं व्याज १ लाख ८० हजार. तर २०२५-२६ साठी १.८० लाख अधिक अडीच लाखाचा पाचवा भाग ५० हजार, मिळून २.३० लाख, वजावट २ लाखांची. आता हेच घर एप्रिल २०२६ मध्ये पूर्ण झालं असं कागदावर आलं, तर २०२५-२६ साठी काहीच मिळत नाही. त्या वर्षाचं सगळं व्याज आधीच्या व्याजात मिळून पुढच्या पाच वर्षांत विभागलं जातं, आणि दोन लाखांच्या मर्यादेमुळे त्यातलं बरंच वाया जातं. म्हणून काम जानेवारीपर्यंत आटोपत आलं असेल तर दाखल्याचा अर्ज मार्चची वाट न पाहता करा. काम झालेलं नसताना आधीची तारीख घालून दाखला घेणं मात्र खोटा कागद करणं आहे, त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी मर्यादा: कर्ज ज्या आर्थिक वर्षात घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. वरच्या उदाहरणात ३१ मार्च २०२९. ही तारीख चुकली तर वर्षाला २ लाखांऐवजी फक्त ३० हजार, आणि तेही कायमचं.

मुद्दलाची ८० सी वजावट घर पूर्ण झाल्यावरच मागा. बांधकाम काळात फेडलेलं मुद्दल व्याजासारखं पुढे पाच वर्षांत मिळत नाही. म्हणून जुन्या प्रणालीत राहणार असाल तर बांधकाम चालू असताना जादा मुद्दल भरण्याआधी विचार करा.

तपासा: दाखल्यावरचं नाव, उताऱ्यावरचं नाव आणि कर्जावरचं नाव पुन्हा एकदा शेजारी ठेवून वाचा. ‘राव’ आणि ‘राम’ असा एका अक्षराचा फरक आताच दुरुस्त होतो.

## टप्पा ८: रिटर्न

१. बँकेकडून व्याज-मुद्दलाचा वार्षिक दाखला घ्या. तात्पुरता दाखला जानेवारीत नोकरीच्या ठिकाणी द्यायला चालतो, रिटर्नसाठी ३१ मार्चनंतरचा अंतिम घ्या.

२. सहमालक असाल तर आपल्या हिश्श्याइतकीच रक्कम भरा. पती-पत्नी दोघांनीही पूर्ण व्याज दाखवलं तर नोटीस येते.

३. फॉर्ममध्ये आता कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम विचारतात. मंजुरीपत्र हाताशी ठेवा.

४. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आतच रिटर्न भरा. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि त्यासोबत घरावरची व्याजाची व मुद्दलाची वजावट त्या वर्षापुरती संपते. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना वेगळा फॉर्म आधी भरावा लागतो.

५. ५४ किंवा ५४ एफ ची सूट मागितली असेल तर खास खात्यात रक्कम भरल्याची तारीख रिटर्नच्या मुदतीच्या आत आहे ना ते पाहा.

## टप्पा ९: घर झाल्यावर

५४ किंवा ५४ एफ खाली सूट घेतली असेल तर नवं घर तीन वर्षं विकू नका. ५४ एफ मध्ये आणखी एक अट आहे: जुनी मालमत्ता विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं राहतं घर विकत घेतलं किंवा तीन वर्षांत दुसरं बांधलं तरी सूट मागे घेतली जाते. मुद्दलावर ८० सी घेतली असेल तर ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरपासून पाच वर्षं घर विकू नका, नाहीतर आजवर घेतलेली सगळी वजावट विक्रीच्या वर्षात उत्पन्न म्हणून मोजली जाते.

खास खात्यात तीन वर्षांनंतर पैसे उरले तर त्या वर्षी तेवढ्यावर कर भरून खातं बंद करा. बंद करण्याच्या अर्जावर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते, तेव्हा तो अर्ज बिलांच्या फाइलसह द्या. घराची बिलं आणि दाखले मात्र घर विकेपर्यंत टाकू नका, कारण पुढच्या विक्रीत घराची मूळ किंमत त्याच कागदांवरून ठरते.